सात दिवसांचं वर्ष

डोळ्यांत थेंब घालून अर्धा तास झाला होता आणि हिगाशिदे योशिएला जग जरा जास्तच मायाळू दिसू लागलं होतं. दवाखान्यातल्या प्रत्येक दिव्याभोवती देवाच्या मागं असतं तसं वलय उमटलं होतं, भिंतीवरचं घड्याळ म्हणजे नुसता पांढरा पेढा, आणि समोरच्या बाकावरच्या चार म्हाताऱ्या एकमेकींत विरघळून एकच मोठी, उबदार, लोकरीची म्हातारी झाल्या होत्या. बाहुल्या पुरत्या मोठ्या झाल्याशिवाय डॉक्टर तपासणार नव्हते. पासष्टी आली, शनिवारी विद्यापीठातलं शेवटचं व्याख्यान, त्याआधी डोळे दाखवून घ्यावेत, एवढंच मनात होतं. वाचता येत नव्हतं म्हणून ती ऐकत बसली होती. काउंटरपाशी पिवळा कोट घातलेली कोणी बाई उभी होती, आणि आतली कारकून मुलगी पुन:पुन्हा कळफलक बडवत होती.

"जन्मतारीख परत एकदा सांगता का?"

"शोवा चौसष्ट. जानेवारीची तीन."

"अशी तारीखच नाही म्हणतंय."

"कोण म्हणतंय?"

"यंत्र."

"मग यंत्राला सांगा, माझी आई साक्षीला आहे. फोन लावू का? दुपारची झोपलेली असते, पण या कामाला उठेल."

बाकावरची मोठी म्हातारी चार तोंडांनी हसली. कारकून मुलगीही हसली असावी. "मी हेइसेइ एक टाकते, चालेल ना?"

"टाका बाई. सगळेच टाकतात. छत्तीस वर्षांची झाले, पण माझं वर्ष काही मला कुणी देत नाही."

अंधारात जिना उतरताना पायरी संपली असं वाटून पाऊल टाकावं आणि खाली आणखी एक पायरी निघावी, तसं योशिएला झालं. तिनं बाकाची कड धरली. नवी राजवट आली की वर्षांची मोजणी पुन्हा एकापासून, ही रीत या देशात कुणाला नवी नाही. पण शोवा राजवटीचं चौसष्टावं वर्ष उजाडलं आणि आठवडाभरात संपलं. सात जानेवारीला सम्राट गेले, आठ तारखेपासून हेइसेइचं पहिलं वर्ष. म्हणजे चौसष्टावं वर्ष सात दिवसांचं. नववर्षाच्या सुटीचे सात दिवस, बऱ्याच कचेऱ्या बंद, दुकानं अर्धी उघडी, लोक घरात तांदळाच्या वड्या भाजत बसलेले. त्या सात दिवसांत कुणी जन्मालाही आलं असेल, हे यंत्राला कुणी सांगितलं नव्हतं. आणि माझ्या यंत्राला, एन्माला? योशिएनं स्वत:ला विचारलं. माझ्या एन्माला मी सांगितलं होतं का?

पुढं तपासणी झाली, डॉक्टर काहीतरी बरं बोलले, तिनं मान हलवली. बाहेर बर्फावर ऊन पडलं होतं आणि विस्फारलेल्या डोळ्यांना ते सोसवत नव्हतं. रस्त्याच्या मधोमध बसवलेल्या नळ्यांतून बर्फ वितळवणारं कोमट पाणी उडत होतं. त्याची कारंजी तिला शुभ्र गवतासारखी दिसली. टेकडीवर जाणाऱ्या बसमध्ये ती खिडकीशी बसली आणि तिनं डोळे मिटून घेतले, पण मिटल्या डोळ्यांतही उजेड राहिलाच.

एन्मा म्हणजे आपला यमच. मेलेल्यांच्या पापपुण्याचा झाडा घेणारा, समोर आरसा ठेवणारा. ते नाव तिनं दिलं नव्हतं, विद्यार्थ्यांनी दिलं. तिनं फक्त विद्यार्थ्यांचे प्रोग्राम तपासणारं एक यंत्र केलं होतं, या भागात तेव्हा तसं कुणाकडं नव्हतं. प्रोग्राम आत टाकला की ते त्याला शंभर प्रश्न विचारायचं. शंभरही उत्तरं बरोबर आली तर पूर्ण गुण, एक जरी चुकलं तरी शून्य. मधलं काही नाही. इथले मास्तरलोक एकोणसाठ गुण सहसा देत नाहीत. साठाला पास, तेव्हा एक गुण हळूच सरकवतात आणि वर म्हणतात, पोराला उंच टाचेच्या खडावा घातल्या. योशिए खडावा घालत नसे. तिला त्यात लाच दिसे, प्रेमळ का असेना. मुलगा ओळखीचा आहे, मुलगी रडते आहे, बाप परगावाहून आला आहे, म्हणून उत्तर बरोबर होत नाही. यंत्र चेहरा बघत नाही, यातच तिला न्याय दिसायचा. आणि ती एकटी बाई पंचवीस पुरुषांच्या विभागात शिरली होती तेव्हा तिचा चेहरा बघूनच तर सगळ्यांनी सगळं ठरवलं होतं! "चहा ठेवा हो जरा," असं पहिल्याच बैठकीत तिला कुणीतरी म्हणालं होतं. चहा तिनं ठेवला. मग खडू उचलला.

शिकवणं मात्र तिचं यंत्रासारखं नव्हतं. ते कुठून आलं होतं ते तिलाच ठाऊक. तिचे वडील सुतार, पण कीर्तनवेडे. हिवाळ्यात देवळादेवळांतून बुवांची प्रवचनं व्हायची, ती ऐकायला ते तिला सायकलच्या पुढच्या दांडीवर बसवून नेत. देवळात कोळशाच्या शेगड्या, ओल्या मोज्यांचा वास, लाल चवळीची आमटी. बुवा आधी अगदी साध्या बोलीत बोलायचे, शेजारी बोलतो तसे, कुणाच्या तरी सुनेची गोष्ट, कुणाच्या गाढवाची, लोक हसायचे, आणि मग कुठंतरी, नेमकं कुठं ते तिला कधीच पकडता आलं नाही, आवाज हलायला लागायचा. पाण्यात नाव सुटावी तसा. शब्द तेच, पण आता ते चालत नसत, वाहत. तेवढ्यात कुठल्या तरी कोपऱ्यातून एखादी आजी "नामु आमिदा बुत्सु" असं बुद्धाचं नाव श्वासासारखं घ्यायची, मग दुसरी, मग सगळं देऊळ. छोट्या योशिएच्या अंगावर काटा यायचा. पुढं चाळीस वर्षं ती आवर्तनाचा धडा शिकवत आली: एकच काम पुन:पुन्हा करायचं, दर वेळी थोडं पुढं सरकायचं आणि थांबायचं कुठं ते आधी ठरवायचं. शेवटच्या दहा मिनिटांत तिचा आवाज हलायला लागे. मागच्या बाकांवरची पोरं एकमेकांना कोपरानं ढोसत, "बाईंची नाव सुटली रे!" तिला ते ऐकू येई. थांबवता येत नसे.

आणि बुवांनी एकदा एन्माचं आख्यान लावलं होतं. ते तिला बसमध्ये डोळे मिटून लख्ख ऐकू आलं. एक नावाडी मरून दरबारात गेला. एन्मानं आरसा पुढं केला. आरशात नावाडी एका माणसाला पाण्यात ढकलताना दिसला. दरबार म्हणाला, नरक! नावाड्यानं हात जोडले. तेवढ्यात मागून आमिदा बुद्ध आले आणि त्यांनी आरसा बाजूला सारून नावाड्याकडंच पाहिलं. नाव बुडत होती. आत सहा मुलं होती. तो माणूस दारू पिऊन नाव हलवत होता. बुवा म्हणाले होते, आणि म्हणता म्हणता त्यांचा आवाज सुटला होता: "आयाबायांनो, आरसा दाखवतो. आरसा बघत नाही. बघणारा वेगळा…"

विभागात उबुकाता तिची वाटच बघत होता. अडतिशीचा सहयोगी प्राध्यापक, तिचाच जुना विद्यार्थी. शनिवारच्या समारंभाची सगळी धावपळ त्याच्या गळ्यात होती. "सेन्सेई, व्याख्यानाचं शीर्षक! छापखाना माझा जीव खातोय. तुम्ही अजून 'अद्याप ठरलेलं नाही' यावरच आहात. तेच छापू का? फार खोल वाटेल."

"उबुकाता, मला दिसत नाहीये. थेंब घातलेत. माझ्या कपाटातली जुनी डिस्क लाव आणि मी सांगते ते वाच. चौदा वर्षांपूर्वीची परीक्षा. राजवटीचा प्रश्न."

त्याचा हात थबकला, हे तिला धूसर डोळ्यांनीही कळलं. मग त्यानं डिस्क लावली. प्रश्न साधा होता: इंग्रजी तारीख द्या, प्रोग्रामनं राजवटीचं वर्ष सांगावं. त्या वर्गात दोनशे चौदा मुलं होती. एन्मानं दोनशे तेरा जणांना पास केलं होतं. तोगाशि नागिसा नावाच्या एका मुलीला त्या प्रश्नात वीसपैकी शून्य, एकूण एकोणसाठ.

"कुठल्या तारखेवर अडवलं तिला?"

"१९८९. जानेवारीची पाच." उबुकातानं पडद्यावरून वाचलं. "एन्माचं उत्तर हेइसेइ एक. तिचं उत्तर शोवा चौसष्ट." मग तो म्हणाला, "तिचं बरोबर आहे, सेन्सेई."

"तिची जन्मतारीख काय असेल रे?"

"तीच. पाच जानेवारी. तिनं खाली टिपणात लिहिलंय: 'मी याच आठवड्यात जन्मले, म्हणून ही जास्तीची ओळ.'"

तिचं टिपण. यंत्र टिपणं वाचत नाही. ती माणसांसाठी असतात, हे योशिएच दर वर्षी पहिल्या तासाला सांगे. ती खुर्चीत बसली. मग उबुकाताला की स्वत:ला कोण जाणे, सांगू लागली. ती सात तारीख तिला आठवत होती. ती तेव्हा एकोणतीस वर्षांची सहायिका होती. दूरदर्शनवर दिवसभर संथ संगीत, दुकानांनी पाट्यांचे दिवे मालवलेले. दुपारी विद्यापीठाच्या कचेरीतला माणूस सुटी मोडून धापा टाकत आला: सगळ्या प्रोग्रामांतली राजवट बदलायची आहे, उद्या सकाळच्या आत, प्रवेशपरीक्षेचे अर्ज छापायचेत. तीन जणांनी मिळून बसून काम केलं. आणि सोपं म्हणून तिनंच सुचवलं, अख्खं वर्ष हेइसेइ एक धरा. सात दिवसांत कचेरी बंदच होती, एकही कागद त्या तारखांचा नाही. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. त्या दिवशी ते खरंच होतं. मग तीच ओळ तिच्या शिकवायच्या टाचणांत आली, टाचणांतून पुस्तिकेत, पुस्तिकेतून एन्मात. आणि दोनशे तेरा मुलांनी पुस्तिकेतून उतरवून काढली. त्या ओळीत आपण सात दिवस पुसले आहेत हे ती स्वत:च विसरून गेली. पुसणाऱ्यालाच विसर पडला तर शोधायचं कुणी!

"कुणाला कळणार आहे, सेन्सेई?" उबुकाता हळूच म्हणाला. "नोंदी पाच वर्षांनी नष्ट करतात. गुण आता बदलताही येत नाहीत, मी विचारून बघतो, पण नाहीच येणार. आणि तुमच्या समितीची नियमावली, देशभर यंत्रानं तपासायचे नियम… तिच्या मुखपृष्ठावर तुमचं नाव आहे. शनिवारी सगळी समिती येणार आहे. मला म्हणायचं एवढंच, की हे घाव आता…" तो वाईट मुलगा नव्हता. जपत होता तिला.

"ती आली होती माझ्याकडं. तीनदा."

"माहितीये. मीच पाठवलं होतं तिला. मी तेव्हा तुमचा मदतनीस होतो ना, म्हटलं, सेन्सेईंना नीट सांग, त्या बघतील."

पहिल्या दोन वेळा योशिए जागेवर नव्हतीच. त्या वर्षात ती निम्मे दिवस तोक्योला असे: अभ्यासक्रम समिती, मान्यता समिती, परिषदेच्या लेखांची छाननी, नव्या महाविद्यालयांची तपासणी. कुणी आज्ञा केली नव्हती. पण कुणीतरी करायला हवं, आणि बोलावलं की ती नाही म्हणत नसे. सेवाच होती ती, आजही तिला तसंच वाटे. तिसऱ्या वेळी मुलगी जिन्यात भेटली. योशिएच्या हातात चाकांची पेटी, खाली टॅक्सी उभी. मुलीनं कागदाची एक गुंडाळी दोन्ही हातांनी पुढं केली होती. "सेन्सेई, एकदा बघाल का? एवढंच. एकदा." आणि योशिए म्हणाली होती (तिला स्वत:चा आवाज ऐकू आला, दमलेला, सभ्य), "एन्मानं बघितलंय, तोगाशि. मी तुझं परत बघितलं तर उरलेल्या दोनशेंवर अन्याय होईल." मुलीनं कमरेत वाकून नमस्कार केला होता. खूप वेळ. योशिए टॅक्सीत बसली तरी ती वाकलेलीच. त्या दिवशीच्या बैठकीचा विषय होता मूल्यमापनातला न्याय. तिचं भाषण सगळ्यांना आवडलं होतं.

"नोकरी लागली होती तिला," उबुकाता म्हणाला. "तोक्योत. मार्चमध्ये पदवी नाही म्हटल्यावर गेली ती. सहा महिने जास्त बसली, सप्टेंबरात पास झाली आणि घरी गेली. त्सुरुगीला त्यांचं कोजीचं, आंबवणाच्या तांदळाचं, दुकान आहे. आम्ही दर डिसेंबरात तिच्याकडूनच नेतो."

"आणि मला कधी बोलला नाहीस?"

"तुम्ही कधी विचारलं नाहीत, सेन्सेई."

गुरुवारी योशिए त्सुरुगीला गेली. दोन डब्यांची लहान गाडी शेतांमधून जाते. दोन्हीकडं बर्फ, मध्येच एखादा बगळा, तोही बर्फाचाच. डोळे आता ठीक होते, तरी तिला सगळं त्या दिवशीच्या धुक्यातूनच दिसत राहिलं. पिशवीत छापून घेतलेला प्रोग्राम होता, साडेतीन पानं. काय बोलायचं ते तिनं चार वेळा जुळवलं आणि चारही वेळा ते समितीच्या ठरावासारखं वाटलं. आयुष्यभर तिनं शेकडो मुलांची शिफारसपत्रं लिहिली, लग्नात भाषणं केली, दोघांच्या बापांच्या अंत्ययात्रेला गेली. कुणी म्हणालं असतं की तुम्ही मुलांवर प्रेम केलं नाही, तर ते खोटं झालं असतं. पण प्रेम सगळ्यांवर केलं, आणि बघायचं राहिलं एकीकडं. हे एवढं एकच का इतकं जड व्हावं? की एकच असतं नेहमी? बुवांच्या आख्यानातही नावाडी एकच होता. हजार नावाड्यांचं आख्यान कुणी लावत नाही.

दुकानाच्या दारातच तो गोडसर, उबदार वास आला; वाफवलेल्या तांदळावर पांढरी बुरशी धरवतात त्याचा, भुईत मुरलेल्या फळासारखा. काउंटरवर सत्तरीची बाई पिशव्या बांधत होती. तिनं नाव ऐकलं आणि तिचे हात थांबले. मग ती आत वळून म्हणाली, "नागिसा! कोण आलंय बघ. तुझी एकोणसाठवाली!"

नागिसा डोक्याला पांढरा रुमाल बांधून बाहेर आली. दंडापर्यंत बाह्या, हातांना तांदूळ चिकटलेला. ती बारीक मुलगी कुठल्या कुठं गेली होती. ही भरल्या अंगाची, शांत चेहऱ्याची बाई. तिनं नमस्कार केला, बेताचा. "सेन्सेई. काबुराझुशीचे सलगम मुरवायला कोजी हवंय का? हंगाम संपत आलाय, पण देते."

"तोगाशि, तुझं उत्तर बरोबर होतं."

मग सगळं सांगितलं. उभ्यानंच. सात दिवस, ती दुपार, पुस्तिका, एन्मा, शून्य. आईनं पिशवी बांधायचं सोडून दिलं होतं. नागिसा हातावरचं तांदळाचं एकेक शीत सोलून काढत ऐकत होती. संपल्यावर योशिए तिच्यापुढं वाकली, जेवढं वाकता येतं तेवढं; पासष्ट वर्षांची पाठ कुरकुरली.

"मला माहिती होतं ते," नागिसा म्हणाली. "उत्तर बरोबर होतं, हे मला त्याच दिवशी माहिती होतं. माझा जन्म आहे तो, सेन्सेई. मला कुणी सांगायला नको."

"मग तू तेव्हा म्हणाली का नाहीस? जिन्यात? की यंत्र चुकलंय म्हणून?"

"म्हणणार कशी? तुम्ही म्हणालात, एन्मानं बघितलंय." तिचा आवाज चढला नाही, त्यामुळं ते जास्त लागलं. "मला गुण नको होते. म्हणजे हवे होते, नोकरी होती, खोटं कशाला बोलू. बाबा शेजाऱ्यांना सांगून बसले होते, लाजेनं महिनाभर घराबाहेर पडले नाहीत. पण जिन्यात मला गुण नको होते. मला वाटत होतं तुम्ही बघावं. तुम्ही शिकवायचात तेव्हा वाटायचं, ही बाई आपल्याकडंच बघून बोलतीये. दोनशे जणांत. मग वाटलं, ते बोलणंही कुणाकडं बघून नसेल."

आई म्हणाली, "उभ्या काय राहिलात? आत बसा. चहा ठेवते. भांडायचं तर बसून भांडा."

आत कोतात्सू होतं, शेगडीचं बुटकं मेज, त्याच्या रजईखाली गुडघ्यांवर ऊब. योशिएनं पिशवीतून कागद काढले. कागद बघून नागिसा जरा मागं सरकली, जुन्या फोटोपासून सरकावं तशी. "काय करणार आहात आता याचं? नोंद बदलणार?"

"नोंदी राहिल्या नाहीत. काहीच बदलता येत नाही." योशिएनं चष्मा लावला. "शनिवारी व्याख्यानात मी हे सांगणार आहे. समितीसमोर. तुझं नाव घालू का, नको?"

नागिसानं वरच्या पानावरचं स्वत:चं नाव बघितलं. "घाला. जन्मतारीखही घाला."

"आणि आज… मी हे बघायला आले. बघू का?"

नागिसानं चहाचे पेले बाजूला केले आणि कागदांसाठी जागा केली.

योशिए वाचू लागली. यंत्र निमिषात वाचतं. तिनं साडेतीन पानांना तासभर घेतला. पहिल्या ओळीपासून, बोट ठेवून. मुलीचं अक्षर यात नव्हतं, तरी मूल दिसत होतं: नावं किती निगुतीनं ठेवलेली, कुठं घाईत एक ओळ दोनदा आलेली, कुठं सुंदर वळण, इतकं सुंदर की योशिएच्या तोंडून "वा!" निघालं. "हे कुणाकडून शिकलीस?" "तुमच्याकडूनच. तिसऱ्या तासाला." "मी असं शिकवलं नव्हतं." "मग माझंच असेल." दोघी हसल्या, आणि हसल्यावर दोघींनाही थोडं अवघडल्यासारखं झालं. शोवा चौसष्टची ओळ आली. टिपण आलं. योशिएनं ते मनातल्या मनात दोनदा वाचलं आणि पुढं गेली. बाहेर छपरावरून बर्फाची लादी घसरून पडली, घर किंचित हललं. दुसऱ्या पानाच्या शेवटी तिचं बोट थांबलं.

बोलावं की नाही, हा विचार तिच्या मनात आला, हे नाकारण्यात अर्थ नाही. आजच्या दिवशी? या घरात? एक शब्द न बोलता पुढची ओळ वाचता आली असती. मग तिच्या लक्षात आलं, की तसं केलं तर ती पुन्हा बघतच नसेल.

"तोगाशि, शोवाच्या आधी ताइशो राजवट. ताइशो संपली कधी?"

"१९२६ ला."

"१९२६ च्या कुठल्या दिवशी?"

नागिसानं ओठ हलवले, मोजलं, आणि तिचा चेहरा हळूहळू बदलत गेला. "पंचवीस डिसेंबर."

"म्हणजे शोवाचं पहिलं वर्ष पंचवीस डिसेंबरला सुरू झालं आणि एकतीसला संपलं. सात दिवसांचं. तू इथं अख्खं १९२६ ताइशोत घातलंयस."

"मी…" नागिसा कागदावर वाकली. "मीही पुसले?"

"तूही. मीही. एन्मालाही तेच शिकवलं होतं मी, म्हणून तिथं तुला कुणी अडवलं नाही."

स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, "काय झालं ग? चुकलीस का?"

"चुकले!" नागिसा ओरडून म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते पुसायला हात वर नेला तर हातावरचं तांदळाचं शीत गालाला चिकटलं. "किती कापाल, सेन्सेई?"

"विसांतले दोन."

"दोनच? माझे तर वीस गेले होते."

"मग माझेही वीस कापते."

"नको. दोनच कापा." नागिसा आता कोपर टेकून, अगदी जवळ येऊन कागद बघत होती, तिच्या रुमालाला कोजीचा वास होता. "सेन्सेई, त्या आठवड्यात जन्मलेलं कुणी हयात असेल का हो आता? अठ्ठ्याण्णव वर्षांचं होईल."

"असेल की. या भागात म्हातारी माणसं काय कमी आहेत?"

"दवाखान्यात जात असतील. फॉर्म भरत असतील."

"भरत असतील."

नागिसा उठली आणि आतून तिचा लॅपटॉप घेऊन आली. कळफलकाच्या फटींत तांदळाचं पांढरं पीठ बसलेलं. तो तिनं दोघींच्या मध्ये उघडला, एकोणसाठ गुणांचं ते दुसरं पान त्याच्या शेजारी सरळ केलं, आणि १९२६ ची ओळ शोधून तिच्याखाली नवी ओळ लिहायला घेतली. अर्ध्यावर ती थांबली. "सेन्सेई, टिपणात काय लिहू? आपण तर त्या आठवड्यात नव्हतो."

कोजीच्या खोलीतून आई हाक मारत होती, तांदूळ वरखाली करायची वेळ झाली होती.

"लिही," योशिए म्हणाली, "कुणीतरी होतं."